खोटी गोळी काय सांगते

मंडळी, आज ज्या औषधांबद्दल बोलणार आहे ती तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. जुन्या औषधाला नवं काम लावून बघण्याचा मोह डॉक्टरांना का होतो, हे उघड आहे. डोस ठाऊक असतो, दुष्परिणाम ठाऊक असतात, किंमतही कमी असते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीत तर हा मोह फारच. कारण बहुतेक पेशंटच्या एमआरआयवर ‘हे बघा, इथून दुखतंय’ असं बोट ठेवून सांगता येत नाही, आणि पेनकिलर वर्षानुवर्षं देणं किडनीला आणि पोटाला परवडत नाही.

पहिलं उदाहरण अमिट्रिप्टिलिनचं. 1961 साली अमेरिकेत नैराश्यावर मंजूर झालेली ही गोळी. दुखण्यासाठी ती अगदी कमी डोसात, 10 किंवा 25 मिलिग्रॅम, रात्री झोपताना देतात. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे वेदना दाबणारे संदेश तिनं बळकट होतात, असा त्यामागचा तर्क. पेशंट घरी जातो, नातू मोबाइलवर नाव टाकतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘‘डॉक्टर, तुम्ही मला डिप्रेशनची गोळी दिलीत? मला काय वेड लागलंय?’’

कंबरदुखीवर ती खरंच चालते का, हे मेलबर्नच्या संशोधकांनी 146 जणांवर तपासलं. निष्कर्ष 2018 साली आले. अडचण अशी, की या गोळीनं तोंडाला कोरड पडते. समोरच्या गटाला नुसती पिठाची गोळी दिली असती, तर आपल्याला खरी मिळाली की खोटी हे लोकांनी चार दिवसांत ओळखलं असतं. आणि एकदा ओळखलं की संपलं. खरी गोळी मिळालेला माणूस निम्मा त्या आनंदानंच बरा होतो. म्हणून त्यांनी दुसऱ्या गटाला बेन्झट्रोपिन दिलं. हे पार्किन्सन्सचं औषध. तोंड कोरडं पाडतं, पण पाठदुखी कमी करेल असं मानायला कारण नाही. या प्रयोगात मला सगळ्यांत आवडली ती ही खोटी गोळी. निकाल काय? तिसऱ्या महिन्यात अमिट्रिप्टिलिनवाल्यांची हालचाल थोडी सुधारलेली दिसली, पण सहाव्या महिन्याला दुखण्यात ठाम म्हणावा असा फरक नव्हता. आणखी मोठा प्रयोग करण्यासारखा आहे, असं त्यांनीच लिहिलं.

खोट्या गोळीचा एवढा बाऊ का, असं वाटेल. जुनं दुखणं चढत-उतरत असतं. ज्या आठवड्यात अंथरुणातून उठवत नाही, त्याच आठवड्यात माणूस ओपीडीत येतो. प्रयोगात नावही तेव्हाच घालतो. त्यानंतर काहीही केलं, तेल लावलं, पट्टा बांधला, तरी दुखणं थोडं खाली येणारच. श्रेय मिळतं त्या वेळी हाताशी असलेल्या वस्तूला.

आता खरी गोष्ट. डेन्मार्कमध्ये 2013 साली 162 जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. या सगळ्यांची मणक्यातली गादी आधी सरकलेली होती, आणि तिच्या शेजारच्या हाडात एमआरआयवर सुजेसारखा बदल दिसत होता. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट मायकेल मोडिक यांच्या नावावरून त्याला मोडिक बदल म्हणतात. सुजेचा तो पहिला प्रकार. कल्पना अशी होती, की फाटलेल्या गादीत आपल्या त्वचेवर राहणारा एक सुस्त जंतू शिरतो, तिथे ऑक्सिजन नसल्यानं त्याचं फावतं आणि बाजूचं हाड चिडतं. मग द्या अँटिबायोटिक! अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिडची गोळी, घसा धरला की पाच दिवस घेतो तीच, इथे सलग 100 दिवस.

त्रास मोजायला 24 विधानांची एक प्रश्नावली असते. पाठीमुळे मी जिना कठडा धरून चढतो, मोजे घालायला त्रास होतो, एवढंच नाही तर पाठीमुळे मी माणसांवर जास्त चिडतो, असंही एक विधान त्यात आहे. (ते घरच्यांना भरायला द्यावं, असं माझं मत आहे.) जितक्या खुणा, तितके गुण. औषधवाल्यांचे गुण वर्षभरात 15 वरून 5.7 वर आले. ब्रिटनमध्ये पहिल्या पानावर बातम्या झाल्या, नोबेलची भाषा सुरू झाली. लोकांना जंतूची कल्पना पटली, कारण अल्सरमागे जंतू आहे हे असंच कुणाला खरं वाटत नव्हतं, आणि त्याला 2005 साली नोबेल मिळालं होतं.

असा तक्ता हातात आला की मी आधी खोट्या गोळीचा रकाना वाचतो. इथे तो 15 वरून 14 वर आला होता. कंबरेचं दुखणं दहापैकी 6.3 होतं, वर्षानंतरही 6.3. म्हणजे वर्षभरात जवळपास काहीच हललं नाही. आत्ताच सांगितलं, दुखणं चढतं-उतरतं. मग इतक्या माणसांत ते असं गोठून कसं राहील? लबाडी झाली असं मी म्हणत नाही. पण हा आकडा मला खटकतो, आणि असा प्रयोग दुसऱ्यांनी पुन्हा केल्याशिवाय त्यावर घर बांधू नये.

तो नॉर्वेत झाला. सहा हॉस्पिटलं, 180 पेशंट, नुसतं अमॉक्सिसिलिन, 750 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पुन्हा 100 दिवस. किती गुणांचा फरक पडला तर तो उपयोगाचा मानायचा, हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 4. तीर लागल्यावर भोवती वर्तुळ काढायची सोय ठेवली नव्हती. 2019 साली निकाल आला. फरक 1.6. मोडिक बदलाच्या सुजेच्या प्रकारात 2.3, दुसऱ्या प्रकारात जवळजवळ शून्य. दुष्परिणाम मात्र औषधाच्या गटात 56 टक्क्यांना, खोट्या गोळीच्या गटात 34 टक्क्यांना.

टीकाकार म्हणतात, औषध तेच नव्हतं, पेशंटही हुबेहूब तसे नव्हते. मुद्दा खरा आहे. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे तोंडावाटे घेतलेलं औषध तिथे किती पोचतं, हाही प्रश्न आहे. म्हणूनच ब्रिटनमध्ये लिनेझोलिड हे अँटिबायोटिक थेट गादीत टोचून बघण्याचं काम सुरू आहे. आपल्याकडे औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत वापरतात तेच हे लिनेझोलिड. दुसरीकडे, ऑपरेशनच्या वेळी सापडलेला जंतू मुळात गादीतला, की चीर घेताना त्वचेवरून आत गेलेला, हा वाद अजून मिटलेला नाही.

(श्रोत्यांतून: ‘‘सर, माझ्या रिपोर्टवर मोडिक लिहिलंय. कोर्स करून बघू का?’’)

नको. काका, तुम्ही मेडिकलवाल्याकडून परस्पर आणाल, म्हणून स्पष्ट सांगतो. 100 दिवस अँटिबायोटिक म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंची वाट आणि उरलेल्यांना औषध पचवायची शिकवणी. रोज चाला आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील ते व्यायाम करा. पण कंबरदुखीबरोबर संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री दुखण्यानं जाग येत असेल, तर ते वेगळं. आपल्या देशात मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही, आणि त्यावरची औषधं महिनोन्‌महिने घ्यावीच लागतात. यातलं काही असेल तर रिपोर्ट घेऊन उद्याच तुमच्या डॉक्टरांकडे जा.