दारू वेगळी काढ हां!

(दृश्य : गोव्यातलं फोंडा, तिस्क. पाऊस. जिन्यात वाळत घातलेल्या छत्र्या.)

जिन्यात आज तीन छत्र्या. वरच्या ऑफिसची माणसं सहा. बाकीची तिघं कुठे, असं 2020च्या आधी विचारलं असतं तर मालकांनी हजेरीचं पुस्तक पुढे केलं असतं. आता काही जण घरून काम करतात, म्हणून ते भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवतात : कुठल्या गिऱ्हाइकाचं काम, कुणाकडे, कशात अडकलंय.

हे हिशेब लिहून देणारं ऑफिस. गिऱ्हाइकं म्हणजे काजूवाले, हार्डवेअरवाले, चार-पाच बार अँड रेस्टॉरंट. महिन्याची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून टेबलावर आणून टाकायची, ही इथली रीत. एखाद्या पिशवीला बांगड्याचा वासही असतो.

(दृश्य : पिशवी उपडी होते. मोबाइलवर एकेका बिलाचा फोटो.)

पिशवी आली की त्याच दिवशी फोटो काढून ड्राइव्हवर चढवायचे. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑफिसच्याच संगणकावर. घरून काम करणारी मंडळी एनीडेस्कने, म्हणजे दुरून संगणक चालवायच्या ॲपने, त्यात शिरतात. एवढं केलं की झालं, असं मालकांना वाटलं होतं.

मग बारची बिलं आली.

बारच्या एकाच बिलावर फिश करीही असते आणि बियरही. जेवणाला जीएसटी लागतो. दारूला लागत नाही, तिचा व्हॅट वेगळा. ऑफिसात नवी मुलगी बसली की शेजारच्या टेबलावरून न विचारताच आवाज येतो, ‘बाय, दारू वेगळी काढ हां!’ वाळपईला घरी बसलेल्या मुलीपर्यंत तो आवाज पोचला नाही. तिने सगळी विक्री एकाच खात्यात घातली. सापडलं ते दहा तारखेच्या संध्याकाळी. जीएसटीआर-1ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, मुदत अकरा.

त्या रात्री आपण कुणावर ओरडलो नाही, असं मालक सांगतात. मुलगी खाली बघून हसते.

सहा माणसांच्या ऑफिसात निम्मं काम असं बोलण्यातच शिकवलं जातं. ते लिहून ठेवायचं कुणाला सुचत नाही, कारण ते काम आहे असंच वाटत नाही. आता प्रत्येक फाइलचं पहिलं पान गिऱ्हाइकाच्या खोडींचं. ‘दारू वेगळी.’ ‘ऑगस्टची बिलं ऑक्टोबरात आणतो.’ ‘भावाच्या दुकानाची बिलं यात मिसळतात.’

कुणी कधी यायचं, हे आधी वारावर ठरवून पाहिलं. टिकलं नाही, कर वार बघत नाही, तारीख बघतो. म्हणून आता 8 ते 11 आणि 18 ते 20 तारखेला सगळे ऑफिसात, मधले दिवस ज्याचे त्याला. शिवाय कंपन्यांची रिटर्नं डिजिटल सहीनेच भरायची, आणि त्या सहीचं टोकन मालकांच्या ड्रॉवरात. ते वाळपईला पाठवायची कुणाची छाती नाही.

2023 साली गणपतीची चवथ आली 19 सप्टेंबरला, आणि 3बीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या दुसऱ्या रिटर्नची, मुदत 20. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायच्या आधी सगळं उरकायचं ठरलं होतं. पिशव्या आल्या 18ला. एकीने नेवऱ्या तळता तळता स्वयंपाकघरातून रिटर्न भरलं, आणि त्याची फुशारकी ती अजून मारते.

(दृश्य : काउंटर. कुरियरवाला. चहाची किटली.)

फोंड्यातच राहणारी दोघं मात्र रोज येतात. दारात आलेलं गिऱ्हाईक, कुरियर, फोन, सगळं त्यांच्या गळ्यात. ‘घरी बसतात ते साहेब, आम्ही शिपाई,’ हे एकाने आमच्यासमोरच म्हटलं. त्यानंतर काउंटरची पाळी लावली गेली, वाळपईवालीलाही. पण पाऊस धरला आणि सकाळची कदंब बस चुकली, की पाळी परत फोंड्यावरच. याला मालकांकडे अजून तोड नाही.

(दृश्य : 20 तारीख, दुपारचे अडीच. समोरच्या दुकानांची शटरं खाली.)

गोव्यात ही झोपेची वेळ. रिटर्न तयार आहे. ओटीपी गेलाय बारवाल्याच्या मोबाइलवर. आज वाळपईची मुलगी काउंटरवर आहे. ती फोन लावते. बऱ्याच वेळाने त्यांची बायको उचलते.

‘ते न्हिदल्यात.’

‘मामी, त्यांना उठवू नका. मेसेज आलाय, त्यातले आकडे तेवढे वाचा.’

पलीकडे चष्म्याची शोधाशोध. मग एकेक आकडा येऊ लागतो. चौथ्यावर मामी थांबते.

‘बाय, हा एक गो, की सात?’