पांढरं आणि पारदर्शक: एकाच द्रव्याच्या दोन रचना

डोळ्याचा पांढरा भाग आणि बुबुळावरची काचेसारखी खिडकी एकाच द्रव्याची आहेत. पांढऱ्या भागाला श्वेतपटल म्हणतात, खिडकीला पारपटल. दोन्हींत मुख्यतः पाणी आणि कोलॅजेन नावाचं प्रथिन. एकातून प्रकाश आरपार का जातो आणि दुसऱ्यावरून परत का उधळतो, याचं उत्तर घटकांच्या यादीत सापडत नाही. त्यासाठी तंतूंची जाडी आणि त्यांच्यातली अंतरं मोजावी लागतात.

पारपटलातला कोलॅजेनचा तंतू सुमारे ३० नॅनोमीटर जाड असतो आणि एका तंतूच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण ६० नॅनोमीटर. असे समांतर तंतू एका पापुद्र्यात, आणि असे दोनशेहून जास्त पापुद्रे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत. श्वेतपटलात मात्र तंतू २५ ते २३० नॅनोमीटर, कुठे बारीक कुठे जाड, आणि एकमेकांत कसेही विणलेले.

प्रत्येक तंतू थोडा प्रकाश विखुरतोच. पण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर आहे, आणि तंतूंमधली अंतरं तिच्या अर्ध्याहून बरीच कमी आणि सारखी आहेत. त्यामुळे बाजूला विखुरलेले तरंग एकमेकांना पुसून टाकतात; समोर जाणारे तेवढे एकमेकांत मिळतात. १९५७ साली डेव्हिड मॉरिस यांनी पारदर्शकतेचं हे स्पष्टीकरण मांडलं. स्फटिकासारखी बिनचूक जाळी मात्र लागत नाही, हे पुढे लक्षात आलं. अंतरं जवळपास सारखी असली की पुरतं.

आता हे बिघडतं कसं ते पाहा. पारपटलाच्या मधल्या थराला पाणी शोषून फुगायची ओढ असते. आतल्या पृष्ठावर पेशींचा एकेरी थर असतो आणि झिरपून आत आलेलं पाणी तो सतत बाहेर उपसतो. तरुण माणसात दर चौरस मिलिमीटरला अशा २५०० ते ३००० पेशी असतात. त्या मेल्या तर नव्या जवळजवळ तयार होत नाहीत. उरलेल्या पसरून जागा भरतात. संख्या ५०० च्या आसपास उतरली की उपसा कमी पडू लागतो, तंतूंच्या मध्ये पाण्याची तळी साचतात आणि खिडकी धूसर होते. कोलॅजेन तेच, तंतूंची जाडीही तीच. बिघडली ती अंतरं. अशा रुग्णांना सकाळी उठल्यावर जास्त अंधुक दिसतं, कारण रात्रभर पापणी मिटलेली असल्याने पृष्ठभागावरून पाणी उडून जात नाही.

पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांपुढे वेगळाच पेच असतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा आकडा, १.३३; पारपटलाचा त्याच्या अगदी जवळ, म्हणून पाण्याखाली पारपटल प्रकाश वळवू शकत नाही. माशाला सगळं काम भिंगावर सोपवावं लागतं, म्हणून त्याचं भिंग गोल असतं. गोल भिंगाचा दोष असा की कडेचे किरण अलीकडे जुळतात आणि मधले पलीकडे. माशाच्या भिंगात प्रथिनाची दाटी गाभ्याकडे वाढत जाते, तशी अपवर्तनांकाची चढण कडेच्या १.३८ पासून गाभ्याच्या १.५२ पर्यंत होते. किरण आत सरळ न जाता हळूहळू वळतात आणि एकत्र येतात. नाभीय अंतर त्रिज्येच्या अडीच पट. तेवढंच अंतर एकजिनसी गोळ्यातून मिळवायचं तर १.६६ च्या आसपास अपवर्तनांक लागेल, आणि कडेचा दोष तरीही राहीलच. हे भिंग उकळत्या पाण्यात टाकलं तर पांढरं फटक होतं: प्रथिनं तीच, पण गुठळ्या होऊन रचना मोडलेली.

स्कॅलप या शिंपल्याने तर आरसाच वापरला आहे. त्याच्या कवचाच्या कडेने दोनशेपर्यंत बारीक डोळे असतात. भिंग दुबळं, प्रतिमा मागच्या अंतर्वक्र आरशामुळे तयार होते, हे मायकेल लँड यांनी १९६५ साली दाखवलं. हा आरसा धातूचा नाही. ग्वानिन नावाच्या सेंद्रिय पदार्थाच्या चौकोनी, सुमारे १ मायक्रोमीटर रुंद पत्र्या फरशीसारख्या बसवलेल्या, आणि असे २० ते ३० थर. इथे गणित करून पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. ग्वानिनचा अपवर्तनांक १.८३, मधल्या द्रवाचा १.३४. अशा एका सीमेवरून जेमतेम २.४ टक्के प्रकाश परततो. पण पत्री ७४ नॅनोमीटर जाड आणि मधली फट ८६. जाडीला अपवर्तनांकाने गुणा: १३५ आणि ११५, बेरीज २५०. दुप्पट केली की ५०० नॅनोमीटर. त्या निळ्याहिरव्या प्रकाशासाठी सगळ्या थरांवरून परतलेले तरंग एका लयीत जुळतात. समुद्रात खोलवर पोचतो तोही साधारण याच रंगाचा प्रकाश.

म्हणूनच सूक्ष्मदर्शकासाठी या आरशाचा नमुना तयार करताना सावध राहावं लागतं. सुकवताना फट ८६ वरून ६० वर आली, तर वरच्याच हिशोबाने उत्तर ४३० च्या जवळ येतं आणि आरसा जांभळ्या रंगाचा होता असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नमुना गोठवून, गोठलेल्याच अवस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर फटी शाबूत राहतात. या डोळ्याला एक किंमतही मोजावी लागते. दृष्टिपटल आरशाच्या पुढे आहे, त्यामुळे प्रकाश आधी न जुळलेल्या स्थितीत त्यातूनच जातो आणि प्रतिमेचा उठाव कमी होतो.

आता ॲरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप. शिंपल्याच्या आतल्या मोतिया थरात ते सुमारे ९५ टक्के असतं, अर्ध्या मायक्रोमीटर जाडीच्या विटांच्या रूपात, आणि विटांमध्ये प्रथिनांचा पातळ गिलावा. तडा सरळ जाऊ शकत नाही. विटांना वळसे घालत, त्यांना किंचित सरकवत जातो आणि त्यातच त्याची ऊर्जा खर्च होते. गिलावा ओला असेल तरच तो ताणला जातो. कोरडा तुकडा दाबून ताकद मोजाल तर थर प्रत्यक्षापेक्षा ठिसूळ ठरेल.

कायटन नावाच्या समुद्री मृदुकाय प्राण्याच्या काही जातींत हेच खनिज डोळ्याचं भिंगही होतं, आणि ते डोळे चिलखतातच बसवलेले असतात, शेकड्यांनी. इथे दोन गरजा एकमेकींवर आदळतात. चिलखताला बारीक कण आणि भरपूर सीमा हव्यात, म्हणजे तडा अडखळतो. भिंगाला नेमक्या त्याच सीमा नकोत, कारण प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. म्हणून भिंगातले कण मोठे आणि एका दिशेला लावलेले असतात. अशा जागी कवच सहज फुटतं. शिवाय भिंगाखाली मऊ पेशींसाठी पोकळी लागते. डोळा मोठा केला तर प्रतिमा सुधारते, पण पोकळीही मोठी होते आणि कवच आणखी दुबळं पडतं. म्हणून हे डोळे कवचाच्या उंचवट्यांवर नसतात. ते मधल्या खाचांमध्ये असतात, आणि आघात आधी भोवतालच्या टेंगळांवर पडतो.