रायफल हाताने नाही, पायाने वळवा!

नमस्कार मंडळी! 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफल नेमबाजीत ब्राँझ घेतलं, तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा. 'सर, होल्ड चांगला आहे, म्हणजे रायफल स्थिर राहते, तरी शॉट बाजूला का जातो?' आणि त्याच्या खालोखाल, 'शूटिंगचं जॅकेट कोणतं घेऊ?' जॅकेटचं नंतर. म्हणजे आज नाहीच.

10 मीटर एअर रायफल, उभी पोझिशन. उजव्या हातानं मारणाऱ्यांचं सांगतोय, डावखुऱ्यांनी उलटं करा. डावी कुशी टार्गेटकडे, पाय खांद्याइतके, डावा कोपर कमरेच्या हाडावर. येतं ना? पुढे.

आता एनपीए. बँकेतला नाही हो, ते बुडीत कर्ज! आपला म्हणजे नॅचरल पॉइंट ऑफ एम. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा. डोळे उघडा. रायफल आता जिथे बघतेय, तो तुमचा खरा नेम.

तो दोन बोटं डावीकडे असला की आपण काय करतो? हातानं ढकलतो. मीही अख्खं वर्ष ढकलली. प्रत्येक वेळी नेम बरोबर दिसायचा आणि पेलेट, म्हणजे छर्रा, डावीकडे. मी साइटला, म्हणजे नेम धरायच्या भागाला, शिव्या द्यायचो, तिचे स्क्रू क्लिक-क्लिक फिरवत बसायचो. साइटचा काय दोष? ट्रिगर सुटतो त्या क्षणी ताणलेला स्नायू सैल पडतो आणि रायफल आपल्या घरी परत जाते. टार्गेटच्या मधला 10 गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, खसखशीहून बारीक! तेवढी ढिलाई पुरते.

म्हणून पाय. रायफल डावीकडे असेल तर उजवा पाय किंचित मागे, पाठीच्या बाजूला. उजवीकडे असेल तर पुढे. किंचित म्हणजे सेंटिमीटर, वीतभर नाही! मग परत डोळे मिटा, परत बघा.

एकानं लिहिलंय, 'सर, हे मॅचच्या सुरुवातीला एकदा केलं की झालं ना?' नाही रे बाबा. 60 शॉट, 75 मिनिटं. मध्ये पाणी प्यायला पाय हलवलास? परत तपास. आणि शॉटनंतर लगेच मान वर करू नकोस, रायफल कुठे स्थिरावते ते बघ. बाजूला गेली, तर तू ढकलतच होतास.

आज घरी रायफल रिकामी आहे ना, ते दोनदा बघा, आणि कोऱ्या भिंतीवर ठिपका काढून वीस वेळा करा. जॅकेटवाल्यांनी टी-शर्टवर.