तळी तांबूस का होतात? थंड प्रदेश, सेंद्रिय कार्बन आणि आपली प्रयोगशाळा

(सोलापुरात रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि पाणीपुरवठ्यातली मंडळी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तळ्याचा तांबूस रंग येतो तो मुख्यतः विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनमुळे, म्हणजे कुजलेल्या पाल्यासारख्या द्रव्यातल्या कार्बनमुळे. तो ओळखायचा कसा? तळ्याचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. पाण्याबरोबर जो सेंद्रिय कार्बन खाली उतरतो, त्याला विरघळलेला म्हणायचं. ही व्याख्या माणसाने सोयीसाठी केलेली आहे. विषाणू आणि लोहाला चिकटलेले कलिल कणही त्या छिद्रांतून आरामात निघून जातात. कुणी ०.७ मायक्रॉनचा काचतंतूचा फिल्टर वापरतं, कुणी ०.४५चा पटलाचा. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी मांडण्याआधी फिल्टर कोणता होता ते विचारावं.

उंच पर्वतातल्या, झाडाझुडपांशिवायच्या तळ्यात हा कार्बन बहुधा लिटरला १ मिलिग्रॅमच्याही खाली असतो. सूचिपर्णी जंगल आणि पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, दलदल असलेल्या स्वीडन, फिनलंड, कॅनडात ५ ते २० मिलिग्रॅम सहज सापडतो, काही डबक्यांत त्याहून जास्त. तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. थंडीत, पाण्याने तुडुंब भरलेल्या जमिनीत पाला पुरता कुजत नाही. अर्धवट कुजलेलं ह्युमिक द्रव्य पावसाबरोबर तळ्यात उतरतं.

आता मुद्द्याचं. १९९०च्या दशकापासून उत्तर युरोप आणि ईशान्य अमेरिकेतली बरीच तळी तांबूस होत चालली. पहिला संशय गेला तापमानवाढीवर, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण २००७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात ५२२ तळी आणि ओढ्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. १९९० ते २००४ या काळातली वाढ सर्वांत नीट जुळली ती पावसातून पडणाऱ्या सल्फेटच्या घटीशी. कोळशाच्या धुरातलं, पावसाला आम्लधर्मी करणारं गंधक दोन्ही खंडांतल्या कायद्यांनी कमी केलं होतं, त्याचा हा परिणाम.

यामागचं रसायन तुमच्या बी. एस्सी.च्या पुस्तकातलंच आहे. ह्युमिक आम्लांवर कार्बॉक्सिल गट असतात. माती आम्लधर्मी झाली की ते प्रोटॉन धरतात, त्यांचा ऋणभार कमी होतो, रेणू एकमेकांना बिलगतात. आम्लामुळे सुटलेलं ॲल्युमिनियम त्यांना आणखी बांधतं. आयनांचं एकूण प्रमाण वाढलं की गोळे व्हायची प्रवृत्तीही वाढते. म्हणजे आम्लवर्षेच्या दशकांत कार्बन मातीतच अडकून पडला होता. सल्फेट घटलं, तसा तो सुटला. काही तळी बिघडत नसून कारखान्यांपूर्वीच्या रंगाकडे परत चालली आहेत, असं माझं मत आहे. रंग बदलला म्हणजे ऱ्हासच झाला, हे समीकरण इथे सोडून द्यावं लागतं.

पण हेच कारण सगळीकडे लावू नका. कॅनडातल्या ऑन्टारियोमध्ये १९६८ साली प्रयोगासाठी राखलेल्या तळ्यांत १९७० ते १९९०च्या दरम्यान उलट घडलं: कोरडी वर्षं आली, ओढ्यांचं पाणी आटलं आणि कार्बन घटला. पाणी तळ्यात जास्त काळ थांबलं की ऊन आणि जिवाणू त्यातला रंग खाऊन टाकतात. मग अतिनील किरण खोलवर जातात. गोठलेली जमीन वितळते तिथेही सरळ हिशेब नाही. यूकॉन नदीच्या खोऱ्यात, प्रवाहाचा फरक वजा केल्यावर, उन्हाळ्यातला विरघळलेला सेंद्रिय कार्बन कमी झालेला दिसला. पाणी खोल खनिज मातीतून वाहू लागलं की ती माती कार्बन शोषून घेते. पीटमधून वाहिलं तर तेच पाणी कार्बन उचलून आणतं.

तांबूस पाण्यात ऊन वरच्या थरातच अडकतं. वरचा थर तापतो, खालचा गार राहतो, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाशी प्राणवायू संपतो. तळावरच्या शेवाळाला उजेड मिळत नाही. कार्बन थोडा असेल तर त्याच्याबरोबर येणारं पोषण उपयोगी पडतं, जास्त झाला की उजेडाचा तोटा वरचढ ठरतो. शिवाय ह्युमिक द्रव्याला पारा चिकटून येतो आणि माशांपर्यंत पोचतो.

हंगामाकडे दुर्लक्ष झालं की आकडे फसवतात. पाणी गोठताना बर्फाचा स्फटिक क्षार आणि सेंद्रिय द्रव्य बाहेर ढकलतो. दोन मीटर खोल, सरळ काठाच्या तळ्यावर एक मीटर बर्फ धरला, तर खालच्या पाण्यातलं प्रमाण जवळजवळ दुप्पट होईल. जमिनीतून कणभरही कार्बन आलेला नसताना! वसंतात बर्फ वितळला की काही आठवड्यांतच वर्षभराचा मोठा वाटा ओढ्यांतून येतो. एका वर्षी मार्चमध्ये, पुढच्या वर्षी जूनमध्ये नमुना घेऊन ‘बदल’ दाखवणारा तक्ता रद्दीत टाकावा. आपल्याकडे पहिल्या पावसाचा लोंढा हेच काम करतो, तेव्हा उजनीचा मे आणि जुलै एका रांगेत मांडू नका.

आता मोजणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सोलापुरात गफलत इथेच होते.

कार्बन मोजणारं यंत्र नमुना ६८० अंशांच्या आसपास, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर जाळतं आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजतं. पण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही, म्हणजे असेंद्रिय कार्बनमधूनही, तोच वायू निघतो. स्वीडनच्या ग्रॅनाइटवरच्या मऊ पाण्याची क्षारता (बायकार्बोनेटचं माप, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला ५ मिलिग्रॅम असेल, तर असेंद्रिय कार्बन सव्वा मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असतो. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरीची क्षारता २५० धरा. असेंद्रिय कार्बन झाला सुमारे ६० मिलिग्रॅम. सेंद्रिय ५ असेल, तर एकूण ६५मधून ६० वजा करायचे. दोन्ही आकड्यांत दोन-दोन टक्के चूक धरली तरी उत्तरात पावणेदोन मिलिग्रॅमची अनिश्चितता आली. म्हणून वजाबाकीची पद्धत इथे वापरूच नये. आम्ल घालून आधी असेंद्रिय कार्बन उडवून लावावा.

किती आम्ल? ४० मिलिलिटरच्या बाटलीत क्षारता मारायला ०.२ आणि सामू (pH) २वर आणायला ०.४, असे ०.६ मिलिइक्विव्हॅलंट लागतात. म्हणजे २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.३ मिलिलिटर. परदेशी पुस्तकातला ‘दोन थेंब’ इथे पुरत नाही. मग कार्बनमुक्त हवा बुडबुड्यांनी सोडायची. वेळ कमी पडून एक टक्का असेंद्रिय जरी राहिला, तरी ०.६ मिलिग्रॅमची चूक शिल्लक राहते. खात्रीसाठी त्याच क्षारतेचं नुसतं सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण यंत्राला द्या. उत्तर ब्लँकइतकं, म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्याइतकं, आलं पाहिजे.

काचतंतूचे फिल्टर ४५० अंशांवर चार तास भट्टीत भाजून घ्या, काचेच्या बाटल्याही. पटलाचे फिल्टर भाजता येत नाहीत आणि त्यांतून कार्बन सुटतो, म्हणून आधी शुद्ध पाण्याने भरपूर धुवा आणि गाळलेलं पहिलं पाणी फेकून द्या. नमुना तळ्याकाठीच गाळावा. एप्रिलच्या उन्हात जीपमध्ये तीन तास राहिलेल्या बाटलीत जिवाणू आपलं काम उरकून मोकळे झालेले असतात. बर्फाच्या पेटीत, अंधारात, ४ अंशांवर ठेवा. गोठवू मात्र नका, ह्युमिक पाण्यात गोठताना गोळे होतात आणि वितळल्यावर ते पूर्ण विरघळत नाहीत. प्रमाण द्रावणासाठी वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट २.१२५ ग्रॅम एका लिटरात घेतलं की १००० मिलिग्रॅम कार्बन मिळतो.

यंत्र नसेल तर? २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचं शोषण मोजा. एक सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ क्युवेटमध्ये ०.४० आलं तर मीटरला ४०. कार्बन १० मिलिग्रॅम असेल तर भागाकार ४. एवढा आकडा जंगल-दलदलीच्या ह्युमिक द्रव्याचा. दोनच्या खाली आला तर शेवाळ आणि सांडपाण्याचा वाटा जास्त समजावा. उजनीसारख्या, वरच्या शहरांचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या जलाशयात हा भागाकार कमी निघाला तर आश्चर्य नको. लोह आणि नायट्रेट याच तरंगलांबीला शोषतात, त्यांची वजावट विसरू नका.

ही सगळी खटपट पाणीपुरवठ्याला का हवी? सेंद्रिय कार्बन आणि क्लोरीन भेटले की ट्रायहॅलोमिथेन, म्हणजे क्लोरोफॉर्मसारखी आरोग्याला घातक संयुगं, तयार होतात, हे १९७४मध्ये रॉटरडॅमच्या पाण्यात उघड झालं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाच्या, आयएस १०५००च्या, २०१२च्या आवृत्तीत क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, ब्रोमोडायक्लोरोमिथेनची ०.०६. उष्ण पाण्यात ही अभिक्रिया वेगाने होते आणि लांब जलवाहिनीत तिला वेळही मिळतो. स्वीडनचे लोक तांबूस पाण्यात तुरटी जास्त घालून कार्बन आधी बसवतात आणि मग क्लोरीन देतात. ह्युमिक द्रव्य तुरटीला नीट दाद देतं, शेवाळातून आलेलं तितकं देत नाही. म्हणून आपल्याकडे तुरटीचा डोस ठरवताना गढूळपणाबरोबर २५४चं शोषणही बघावं, तुरटीच्या आधी आणि नंतर, दर आठवड्याला. पाणी नितळ झालं पण शोषण फारसं उतरलं नाही, तर आधीच दिला जाणारा क्लोरीन कमी करून मुख्य मात्रा गाळणीनंतर द्यायचा विचार करा.