आईला बोल लावण्याआधी झाकण बदला

मित्रहो, औषधाच्या काही बाटल्यांना दाबून फिरवायचं झाकण असतं. घाईत ते उघडत नाही म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. पण बाजारात येण्याआधी त्या झाकणाला एक परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत १९७० साली यासाठी कायदा झाला आणि त्यातून या परीक्षेची पद्धत ठरली. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं जोडीजोडीनं बसवायची, हातात बंद बाटली द्यायची आणि म्हणायचं, उघडून दाखव. त्यासाठी पाच मिनिटं. नाही जमलं, तर मोठ्या माणसानं एकदा समोर उघडून दाखवायचं आणि सांगायचं, हवं तर दात लाव. मग आणखी पाच मिनिटं. शंभरातल्या किमान ऐंशी मुलांना अखेरपर्यंत उघडता आलं नाही, तर झाकण पास. पण तेच झाकण पन्नास ते सत्तर वर्षांच्या माणसांना उघडता आलं पाहिजे, नाहीतर नापास.

मला ही परीक्षा फार आवडते, कारण तिच्यात आईचं नावसुद्धा नाही. घरी कोण होतं, लक्ष कुणाचं होतं, औषध उंचावर का ठेवलं नव्हतं, असं कुणी विचारत नाही. पोर दात लावणारच, हे धरूनच चालायचं. कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो अशा झाकणाच्या मागे लागले आणि १९६७ साली ते तयार झालं. विषबाधा झालेली पोरं त्यांच्याकडे येतच होती. पालकांना समजावून सांगायचं कामही चालूच होतं.

आता आपलं बघा. मुलांच्या आरोग्यासाठी म्हणून आपण सरकारदरबारी जातो आणि मागून काय आणतो? जनजागृती सप्ताह, पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा. असल्या गोष्टी कुठलंही सरकार आनंदानं देतं. खर्च कमी, फोटो छान, आणि कुठल्याही कारखानदाराला काडीचाही बदल करावा लागत नाही. पोस्टर वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर परत आलात, तर सारा भार पुन्हा त्या घरातल्या दमलेल्या बाईवर टाकून आलात. माझी मागणीची व्याख्या अगदी सोपी आहे. कुठली वस्तू, कुठला नियम किंवा कुठला आकडा बदलायचा, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर अजून घरचा अभ्यास बाकी आहे.

त्या अभ्यासाचा माझा आवडता नमुना फ्रिजचा आहे. जुन्या फ्रिजला बाहेरून खटका असायचा. लपाछपी खेळताना मुलं टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये शिरायची, दार लागायचं आणि आत गुदमरून जायची. अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला की दार आतून उघडता आलं पाहिजे. ठीक. पण आतून म्हणजे कसं? आत मुठीत धरायची मूठ बसवावी, की ढकलण्यावर भागवावं? हे मोठ्यांनी टेबलाभोवती बसून ठरवलं असतं तर चुकलंच असतं. म्हणून संशोधकांनी फ्रिजसारखी एक सुरक्षित पेटी केली आणि दोन ते पाच वर्षांच्या २०१ मुलांना थोडा थोडा वेळ तिच्यात ठेवून पाहिलं. १९५८ साली ते निष्कर्ष छापून आले. धरण्यासारखं काही दिसलं की बरीच मुलं ते दाराच्या मुठीसारखं फिरवू पाहायची. ढकलणारी फारच थोडी. जवळपास चौथा हिस्सा मुलांनी सुटायची फारशी धडपडच केली नाही. आणि पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांनी हाकसुद्धा मारली नाही. दोन वर्षांची मात्र बहुतेक सगळी ओरडली. ‘अडकला तर ओरडेल की!’ असं समजणाऱ्या कुठल्याही समितीनं हा आकडा वाचावा. असा प्रयोग आज कुठली नैतिकता समिती मंजूर करील, याची मला शंका आहे. पण मुलं प्रत्यक्षात काय करतात हे पाहून मग नियम लिहायचा, ही शिस्त मला त्यात दिसते.

पुढचं उदाहरण शिशाचं, आणि ते जरा कडू आहे. शिसं हा विषारी धातू. तो घातलेलं पेट्रोल १९२३ साली विकायला आलं, आणि गाड्यांच्या धुरातून शिसं धुळीत आणि तिथून मुलांच्या पोटात जाऊ लागलं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहा टक्के मुरतं, लहान मुलाच्या अंगात निम्म्यापर्यंत. पण रक्त तपासलं तर अलीकडचं शिसं कळतं, जुनं निसटतं. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, दोन हजारांहून जास्त मुलांचे. दातात वर्षानुवर्षांचं शिसं साठून राहतं. १९७९ साली त्यांनी दाखवलं की ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी कमी. कुणाच्या दातात किती शिसं आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी वर्गातल्या वागण्याबद्दल दिलेले शेरे शिशाच्या प्रमाणाबरोबर पायरीपायरीनं घसरत गेले होते. यातलं एकही मूल दवाखान्यात नेण्याइतकं आजारी नव्हतं.

पुढे १९९१ साली त्यांच्यावर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला. आरोप करणारे शिसे उद्योगाच्या बाजूनं साक्ष दिलेले होते. नीडलमननी सुनावणी उघड व्हावी म्हणून आग्रह धरला, आणि लबाडीच्या आरोपातून ते सुटले. तेव्हा कच्च्या नोंदी नीट ठेवा. हिशेबाचे कागद, गाळलेली नावं का गाळली त्याची टिपणं, सगळं. तुमचा मुद्दा कुणाच्या तरी धंद्याला झोंबला की प्रश्न त्या कागदांवरच येणार आहेत. अमेरिकेत मुलाच्या रक्तातल्या शिशाची काळजी करण्याची पातळी साठच्या दशकात ६० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर होती. १९९१ साली १० झाली, २०२१ साली साडेतीन. जगातल्या शेवटच्या पंपांवर, अल्जीरियात, शिसंवालं पेट्रोल बंद झालं तेही २०२१ सालीच. पुरावा आल्यावर किती पिढ्या जातात, ते तुम्हीच मोजा.

उशीर का होतो, याचं एक रुक्ष कारण सांगतो. खर्च एका खात्याचा आणि फायदा दुसऱ्याचा. आरोग्य खात्यानं आज पैसे घालायचे. वाचणार ते शिक्षण खात्याचे, पंधरा वर्षांनी, तेव्हाचा मंत्री वेगळा. मुलाला मत नाही हे तर झालंच. म्हणून अर्थखात्याकडे जाताना डॉक्टरांबरोबर हिशेब जाणणारा माणूसही न्या. तिथे करुण कथेनं डोळे पाणावतात, फाईल हलत नाही.

आणि कायदा झाला की हार घेऊन घरी जाऊ नका. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांच्या खटपटीनं मोटारीत लहान मुलाला सुरक्षा-खुर्चीत बसवण्याची सक्ती झाली. १९७८ साली ती लागू झाली आणि या विषयातला तो त्या देशातला पहिलाच कायदा. पण मसुद्यात वाटेत कुणीतरी एक सवलत घुसवली होती: मूल मोठ्याच्या मांडीवर असेल तर खुर्ची नको. टक्कर झाली तर मांडीवरचं मूल मोठ्या माणसाच्या वजनाखाली चेंगरतं, त्यामुळे समर्थकांनी तिचं नावच ‘पोरं चिरडणारी दुरुस्ती’ असं ठेवलं. ती काढून टाकायला १९८१ साल उजाडलं. १९८५पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. मसुदा शेवटच्या वाचनाला जाईल तेव्हा एखादा वकील शेजारी घेऊन बसा, आणि ‘मात्र’नंतर जे काही लिहिलेलं असेल ते दोनदा वाचा. बाकीचं प्रश्नोत्तरात बोलू.