तिरुवैय्यारूची आराधना आणि बंगळूर नागरत्नम्मा

हे तमिळनाडूतलं तंजावरजवळचं तिरुवैय्यारू, ही कावेरी, आणि काठावरच्या मांडवात समोरासमोर रांगा करून मांडीला मांडी लावून बसलेत ते सगळे गायला आलेत. नावाजलेले कलाकार, त्यांचे शिष्य, नुकतं शिकायला लागलेली पोरं, सगळे एकत्रच. आज पौष वद्य पंचमी, त्यागराजांची आराधना, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या ह्या थोर संत-रचनाकाराच्या पुण्यतिथीचा गाण्याचा उत्सव.

6 जानेवारी 1847 ला त्यागराज ह्याच गावात गेले. तंजावरवर तेव्हा आपल्या भोसल्यांचं राज्य होतं, दरबारातून बोलावणं आलं तर ते गेले नाहीत असं सांगतात, रामाचं नाव घेत गल्लीतनं माधुकरी मागायची आणि त्यावर घर चालवायचं. त्या माधुकरीची आठवण म्हणून सकाळी त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत लोक गात चालत येतात.

आता बघा, आधी बासरीवर त्यागराजांचं भैरवीतलं ‘चेतुलार’, आणि मग त्यांच्या पाच रचना, पंचरत्नं, सुरू. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री, पाच राग, पाच कृती, सगळ्या आदितालात. इकडे गाणं चाललंय आणि तिकडे आत मूर्तीवर अभिषेक. ताल धरणारा हा हात बघा, मांडीवर पडणारी थाप, मग करंगळीपासून एकेक बोट मोजत येतं, शेजारच्याचाही हात तसाच, त्याच्या पलीकडच्याचाही.

पण आम्हाला खरं तर ही मूर्ती दाखवायचीय. त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून, हात जोडून बसलेली बाई. ह्या बंगळूर नागरत्नम्मा. आराधनेबद्दल बोलताना यांचं नाव पहिलं घ्यायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

जन्म 1878 चा, देवदासी घराण्यातला. मद्रासमधे गाण्यात मोठं नाव कमावलं, पैसा कमावला. 1921 मधे त्यांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांचं पत्र आलं, की समाधीची फार दुर्दशा झालीय. त्यागराजांच्या शिष्य परंपरेतल्या लोकांनी आधी तिथं वृंदावन, म्हणजे समाधीवरचं बांधकाम, केलेलं, उत्सवही सुरू केलेला, पण पुढे त्यात दोन गट पडले, मोठा आणि लहान, दोघांच्या वेगळ्या आराधना, आणि जागेकडे बघायला कुणी नाही. बाईंनी जागा मिळवली, स्वतःच्या कमाईतून देऊळ बांधायला घेतलं, आणि 1925 च्या जानेवारीत कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची प्रतिष्ठापना, केला.

देऊळ बांधलं बाईंनी, आणि उत्सवात गायची बंदी बायकांना! दोन्ही गट पुरुषांचे. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण मांडवात आज पुढच्या रांगेत बायका गाताना दिसतात ना, ते आपोआप झालेलं नाही. नागरत्नम्मांनी 1927 मधे बायकांचा तिसरा गट काढला आणि देवळाच्या मागच्या बाजूला बायकांची स्वतःची आराधना सुरू केली. तिथं बायका गायच्या, हरिकथा करायच्या, आणि दरवर्षी करायच्या, कुणाच्या परवानगीची वाट न बघता.

1940 च्या सुमाराला सगळे गट एक झाले, आणि पंचरत्नं एकत्र म्हणायची पद्धत तेव्हापासूनची. नागरत्नम्मा शेवटी इथेच येऊन राहिल्या, 1952 मधे गेल्या, आणि सगळं देवळाला देताना मृत्युपत्रात अट घातली की इथे बायकांना, देवदासींनासुद्धा, पूजेला आणि गायला कधीही मज्जाव करायचा नाही.