मुदतवाढ कुणी द्यायची?

(सांगलीतील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या उकाड्यातही आवर्जून आलेल्या मंडळींनो, नमस्कार. साथीच्या काळात लावलेली आणीबाणी पुढे चालू ठेवायची की उठवायची, हे शहराच्या महासभेनं ठरवावं का, असा आजचा विषय आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ठरवावं. आणि दर दोन महिन्यांनी, सगळ्यांदेखत, आकडे समोर ठेवून ठरवावं.

सांगलीकरांना हे पटवायला फार कष्ट पडू नयेत. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर गेलं की धोका, हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा भर रात्रीसुद्धा माणसं एकमेकांना फोन करून विचारत होती, 'आता किती?' आणि उतरायला लागलं तेही त्याच पट्टीवर दिसलं. घरी कधी परतायचं, गाळ कधी उपसायला घ्यायचा, हे त्यावरून ठरलं. कोरोनात चढतं पाणी आपल्याला रोज ऐकवलं गेलं. उतरलेलं पाणी कुणी मोजलं, कुठल्या पट्टीवर, हे बहुतेकांना कळलंच नाही.

माझा कडक निर्बंधांना विरोध आहे, असं कुणी समजू नका. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एका कुटुंबापासून साथ पसरायला लागली, तेव्हा गाव बंद केलं, संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली, आणि साखळी तुटली. ते योग्यच होतं. माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे.

2020 च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. एका घरात रुग्ण सापडला होता, बांधायलाच हवे होते. तो माणूस बरा होऊन आला, बायकांनी ओवाळून घरात घेतला. गल्लीत दुसरा रुग्ण निघाला नाही. मुदत संपली. बांबू जागेवरच. मागच्या आळीतले हमाल मार्केट यार्डाला लांबचा वळसा घालून जायचे, ते तसेच जात राहिले. आम्ही एका कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, आदेश आमचा नव्हे. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, आदेश आमचा, पण बांबू मांडववाल्याचे. मांडववाला म्हणाला, मला बांधायचा कागद मिळालाय, सोडायचा कागद आणा, आत्ता सोडतो. तोवर उघडीप मिळाली की शेजारच्या आजी त्यावर गोधड्या वाळत घालायला लागल्या होत्या. (हशा) हसा, आम्हीही हसायचो. पण एका रात्री गल्लीतल्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि रिक्षा आत येईना. सासऱ्यानं आणि दोन पोरांनी तिला खुर्चीत बसवून, पावसात, बांबूंपर्यंत नेलं आणि एक बांबू मोडून बाहेर काढलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. बाकीचे बांबू दुसऱ्या दिवशी आम्हीच सोडले आणि कुणी विचारायलाही आलं नाही. म्हणजे ते तिथं असावेत असं कुणालाच वाटत नव्हतं! तरी ते होते. आदेशाला सुरुवात होती, शेवट करण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मुख्य मुद्दे आता भराभर सांगतो.

1896 ला मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला. अवघी चार कलमं. सरकारला काय काय करता येईल ते त्यात आहे, किती दिवस ते नाही. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत घुसून झालेल्या झडत्या आणि रँडचा वध आपल्याला ठाऊक आहे. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रानं लागू केला तो हाच कायदा. निर्बंध पूर्ण उठले एप्रिल 2022 मध्ये. राजकीय आणीबाणीचा धडा देश 1975 ला शिकला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी सक्तीची केली. साथीच्या आणीबाणीला असा लगाम आजही नाही.

कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या शहरानं स्थानिक आणीबाणी जाहीर केली की ती अजून हवी का, याचा आढावा नगर परिषदेला निदान दर 60 दिवसांनी घ्यावा लागतो. लॉस एंजेलिसच्या परिषदेनं डिसेंबर 2022 मध्ये मतदान करून फेब्रुवारी 2023 पासून ती संपवली. तिथं भाडेकरूंना घराबाहेर न काढण्याचं संरक्षण आणीबाणीशी बांधलेलं होतं. उठवली की काहींचं छप्परही जाणार होतं. म्हणूनच हा वाद उघड्यावर व्हायला हवा.

'नगरसेवक काय डॉक्टर आहेत?' असं विचारतात. नाहीत. पाणी किती आहे ते डॉक्टरांनीच सांगावं. जून 2021 मध्ये राज्यानं बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या खाटा पाहून पाच स्तर ठरवले, ती चांगली पट्टी होती. ऑगस्टमध्ये इतरत्र सवलती मिळाल्या आणि 11 जिल्हे मागे राहिले, त्यात सांगली होती. आकड्यांनुसार ते बरोबरही असेल. पण दुकान बंद ठेवलेल्या माणसाला ज्याला जाब विचारता येईल, अशा कुणी ते सभेत उभं राहून सांगितलं का?

आज आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, महासभा त्यांचा आदेश रोखू शकत नाही. मात्र महापालिका अधिनियमाच्या 67 व्या कलमात, आयुक्तांनी संकटात तातडीनं काही केलं तर ते लगेच स्थायी समितीला आणि महापालिकेला कळवावं, असं आहेच. तोच धागा पुढे न्यायचा. माझ्या मागण्या तीन. प्रत्येक निर्बंधावर संपण्याची तारीख हवी. मुदतवाढ मागणाऱ्यानं महासभेत आकडे आणि कारणं मांडावीत, महासभेचं मत लेखी नोंदवलं जावं. आणि मुदतवाढीचा नवा आदेश निघाला नाही तर निर्बंध आपोआप उठावा, बांबू कुणी सोडायचे त्याचं नाव पहिल्याच आदेशात असावं.

या मागण्यांचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवलाय. तो महापौरांना आणि आपल्या आमदारांना द्यायचा आहे. वाचा, दुरुस्त्या सुचवा, पटलं तर सही करा. प्रभाग क्रमांक लिहायला विसरू नका.